उसन्या तोंडाची माणसं

फ्लोरेन्सला जाऊन आलो त्याला आता बरेच दिवस झाले, पण पवनीत चहाच्या टपरीवर अजून कोणी ना कोणी विचारतंच, "सर, काय काय पाहून आले?" मी सांगतो, "आपलाच जिल्हा पाहून आलो." लोक हसतात. माझ्याकडून त्यांना विनोदाचीच अपेक्षा असते. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो, आणि चित्रकलेच्या मास्तराला गावात कोणी मनावर घेत नाही. त्याच्या तासाला पोरं कबड्डी खेळतात, आणि शिपाई रजेवर असला की घंटा त्यालाच वाजवावी लागते. पण या वेळी मी विनोद करत नाही. इटलीतल्या त्या जुन्या शहरात, नदीकाठच्या भल्यामोठ्या संग्रहालयात, सोनेरी चौकटींतून आमच्या तालुक्यातली मेलेली माणसं माझ्याकडे बघत होती. मी त्यांना लगेच ओळखलं. त्यांची तोंडं मीच तिथून उचलून आणली होती ना.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडाल.

आमचा जिल्हा फुटला तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांची चांदी झाली. गोंदिया वेगळा निघाला आणि तिकडच्या शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, सगळ्यांच्या पाट्यांवरचं 'जि. भंडारा' पुसून 'जि. गोंदिया' लिहायचं काम आलं. मीही सुट्यांत ब्रश घेऊन फिरलो. एका गावी सवयीनं पुन्हा 'जि. भंडारा'च लिहून आलो, तर सरपंचाचा निरोप आला, "सर, तुमी आमाले वापस घेतलं वाटते." या फिरण्यातच मला माझा खरा जोडधंदा सापडला. मेलेल्यांचे फोटो.

हातानं काढलेल्या तसबिरीलाही आमच्याकडे फोटोच म्हणतात. कुणाकडे तेरवी असते, कुणाकडे वर्षश्राद्ध, आमच्या बौद्ध घरांत पुण्यानुमोदन. काहीही असलं तरी टेबलावर गेलेल्या माणसाचा फोटो लागतो, त्याला हार लागतो. आणि आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी जन्मात कॅमेरा पाहिलेला नव्हता. मग घरचे माझ्याकडे यायचे.

"सर, बाबाचा फोटो पाह्यजे."

"एखादा जुना फोटो आहे का?"

"असता तर तुमच्याजवळ कायले आलो असतो जी?"

"बरं, नाक कसं होतं?"

"नाक मोठ्या काकासारखं. कान कोनासारखेच नोयते. आन डोळे... डोळे गरीब होते जी."

गरीब डोळे कसे काढायचे हे मला कुठल्याच परीक्षेत शिकवलेलं नव्हतं. सुरुवातीचे फोटो मी मनानं काढले, तर सगळे माझ्यासारखेच दिसायला लागले. एका म्हातारीनं नवऱ्याचा फोटो हातात घेऊन स्वच्छ सांगितलं, "सर, हे तर तुमीच होय. तुमाले हार घालू का?"

त्यानंतर कधीतरी नागपूरला, सीताबर्डीच्या फूटपाथवर, मला ते पुस्तक मिळालं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, आत नुसते चेहरे. मोठमोठ्या चित्रांतून तेवढं तोंड कापून, जवळून, रंगीत छापलेलं. सरदार, व्यापारी, साधू, म्हाताऱ्या, गरती बाया. खाली बारीक इंग्रजीत काहीबाही, आणि शहराचं नाव प्रत्येक पानावर एकच, फ्लोरेन्स.

मग सोपं झालं. घरच्यांनी वर्णन सांगितलं की मी पुस्तक चाळायचो आणि त्यातल्या त्यात जवळचं तोंड उचलायचो. डोक्यावरची मखमली टोपी काढून फेटा बांधायचा, गळ्यातली साखळी पुसून बंडी चढवायची, गोरी कातडी उन्हात भाजून काढायची. फ्लोरेन्सचा व्यापारी धानाच्या बांधावर उभा राहायला तयार.

डोळे मात्र मी शेवटी काढायचो, आणि त्या वेळी घरातलं सगळ्यात जाणतं माणूस समोर बसवायचो. बुबुळात पांढरा ठिपका दिला की विचारायचो, "आले का?" ते माणूस बघत राहायचं. मग म्हणायचं, "आले," आणि पदर नाहीतर दुपट्टा डोळ्यांना लावायचं. 'आले' म्हटल्याशिवाय मी काच लावत नसे. कुणी पहिल्याच ठिपक्याला यायचं, कुणी दुपारभर ताटकळत ठेवायचं. एक जण तर आलाच नाही. त्याची बायको उठता उठता म्हणाली, "राहू द्या सर. जिवंतपनी बी बलावल्यावर कधी आले नाई ते."

माझी माय मी चार वर्षांचा असताना गेली. तिचं तोंड मला आठवत नाही. आठवतो तो कोपरापर्यंत धानाच्या रोवणीचा चिखल लागलेला हात, आणि आमच्या कुडाच्या खोलीचं बुटकं दार. त्या दारातून ती वाकून बाहेर येते, आणि सरळ उभी राहायच्या आतच माझी आठवण संपते. कितीदाही सुरू केली तरी तिथंच संपते.

मायचं तोंड होतं ते फक्त माझ्या मोठ्या बहिणीकडे. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. माय गेली तेव्हा बाई चुलीशी बसण्याइतकी झाली होती, आणि पुढं तिनंच मला वाढवलं. अख्ख्या तालुक्यातल्या परक्या मेलेल्यांना मी तोंडं वाटली. आपल्या मायचा फोटो नाही, हे मला टोचायला लागलं. बाईला विचारायचो, "माय कशी होती?" ती म्हणायची, "मायसारखीच होती." यावरून काय काढणार?

जिल्हा फुटून काही वर्षं झाल्यावर, एका पावसाळ्यात, मी शेवटी पुस्तकातलं एक तोंड निवडलं. तेच का, ते सांगता येणार नाही. मान किंचित झुकलेली, पापण्या खाली. कुणाला तरी काही सांगायला आलेलं आणि कसं सांगावं या विचारात पडलेलं तोंड. केस कुरळे होते, ते पदराखाली झाकले. रंग सावळा केला, कुंकू लावलं. बाईला डोळ्यांसाठी समोर बसवलंही नाही. सगळा पुरा करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भर पावसात तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. "बाई, आली का?"

बाईनं पदराला हात पुसले. बघत राहिली. मग म्हणाली, "आली."

त्या दिवशी मी तिच्याकडे इतका जेवलो की मेहुण्यानं विचारलं, शाळेत उपोषण करता का? माय भिंतीवर गेली, बुद्धाच्या तसबिरीशेजारी.

पुढं धरणाचं पाणी आलं. बाईला गावातल्या गावातच दिलेली, त्यामुळे गोसीखुर्दनं तिचं आणि माझं, दोघांचंही गाव एकदमच घेतलं. ते बुटकं दार, मायला जिथं नेलं ती नदीकाठची जागा, सगळं पाण्याखाली. बाई पुनर्वसनाच्या नव्या गावात सिमेंटच्या घरात राहायला गेली; मायला तिनं ट्रॅक्टरवर मांडीवर घेऊन नेलं. नव्या भिंतींना काही वर्षांत ओल धरली आणि ओलीमागून वाळवी आली. ती फोटोच्या मागून शिरली. एकदा बाईनं झाडायला म्हणून फोटो काढला, तर काचेआड पदर होता, मान होती, कुंकवाचा अर्धा ठिपका होता. मधलं तोंड नव्हतं.

तेव्हापासून बाईला स्वप्नं पडायला लागली. सकाळीच फोन यायचा.

"माय आली होती गा बाबू. ओट्यावर बसली होती. पन तिले तोंडच नाई."

"भेव वाटलं का तुले?"

"मायचं कायचं भेव? पन ती मले शोधून राहिली असं वाटते. आन तोंड नाई तर डोळे कुठचे? मी समोर जाऊन उभी राहते, तरी मी तिले दिसत नाई."

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. कारण ती ओट्यावरची माय मग मलाही दिसायला लागली, दिवसाढवळ्या, दाढी करताना आरशात माझ्या मागं. पदर घेतलेली, आणि पदराच्या आत वाळवीनं खाल्लेल्या कागदाचा खळगा.

तोच फोटो पुन्हा काढून देतो म्हटलं. पहिला नेला, बाई म्हणाली, "नाई आली." दुसरा नेला, "ही तर दवाखान्यातली सिस्टर वाटते." तिसरा तिनं उलटा करून ठेवला. मीच विचारलं तेव्हा म्हणाली, "हा तूच होय. पदर घेऊन."

पुस्तक बघून काढावं, तर पुस्तक नव्हतं. मी निवृत्त झालो तेव्हा बायकोनं घर आवरलं होतं. "ते गोऱ्या बायायचं पुस्तक? ते तर रद्दीत गेलं," असं तिनं एखादं पुण्यकर्म सांगावं तसं सांगितलं. माझी मुलगी इटलीत नोकरीला, ती फोनवर म्हणाली, "बाबा, इंटरनेटवर सापडेल." मी म्हटलं, "काय लिहून शोधतेस? माय?" तरी तिनं फ्लोरेन्सच्या चित्रांतल्या शेकडो बायकांची तोंडं पाठवली. राण्या, मोलकरणी, साध्वी, देवमाता. त्यात माय नव्हती. शेवटी मुलगी म्हणाली, "तुम्हीच या. प्रत्यक्ष बघा."

निघायच्या आधी बाईकडे गेलो. खोकल्यानं तिला धड बोलवत नव्हतं. शिदोरी बांधून देताना एवढंच म्हणाली, "मायले घेऊन येजो."

पहिला दिवस नदीकाठच्या संग्रहालयाचा. मुलीनं बाहेरच ताकीद दिली, "बाबा, कशाला हात लावायचा नाही. मोठ्यानं बोलायचं नाही." तिनं बुटांबद्दल काही सांगितलं नव्हतं. पहिल्या मोठ्या दालनात सोनेरी पाट्यांवर देवमाता बसलेल्या, छतापर्यंत उंच, लोक मान खाली घालून उभे. मी सवयीनं दाराशी बूट काढले आणि मोज्यांवर आत गेलो. परत आलो तेव्हा एक रखवालदार माझे बूट हात लांब करून असे धरून उभा होता, जणू त्यांतून टिकटिक ऐकू येतेय. मुलगी त्याच्याशी बराच वेळ इटालियनमध्ये बोलली. पुढच्या दालनात जाताना तिनं माझा हात धरला. तिच्या लहानपणी भंडाऱ्याच्या बाजारात मी तिचा धरायचो, तसा.

आणि तिथं मला सानगडीकडचे एक मालगुजार पाटील भेटले. लाल टोपी, एका बाजूनं काढलेलं तोंड, नाकाचा कणा मधेच खचलेला. त्यांच्या मुलानं सांगितलं होतं, "नाक बैलानं लात मारून मोडलं होतं जी," आणि मी पुस्तकात हे नाक सापडल्यावर आनंदानं ओरडलो होतो. आता खुद्द तेच समोर. माझे हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून निघून गेलं, "रामराम पाटील." मागं बघतो तर दोन परदेशी बायांनीही गंभीरपणे हात जोडले होते. त्यांना वाटलं असेल, इथली रीतच आहे.

मग ते येतच गेले. पवनीतला एक कोष्टी म्हातारा काळ्या झग्यात, बोटात अंगठी. त्याच्या जन्मात नव्हती ती. एका कंपाउंडरची आई, जपमाळेऐवजी हातात पुस्तक. धरणाच्या कामावर बुडून गेलेला एक तरणा गवंडी, डोक्यात मोत्यांची जाळी. मी एकेकाला मनातल्या मनात फेटा बांधत, पदर देत पुढं सरकत होतो. आधी गंमत वाटली. मुलीला सांगितलंही, "हे ओळखीचे, हे पण ओळखीचे, यांच्याकडे मी मटण खाल्लं आहे." नंतर गंमत वाटेनाशी झाली. ते सगळे माझ्याकडे बघत होते. मी दालनाच्या या टोकाला गेलो तरी, त्या टोकाला गेलो तरी. काही चित्रांवर काच होती, आणि काचेत माझं तोंड त्यांच्या तोंडावर नेमकं बसायचं.

मला एकच विचार सुचायला लागला. ही तोंडं इथं आहेत. घरोघरी हार घालतात तीही हीच. मग ज्यांच्यावर मी ही चढवली, त्यांची स्वतःची कुठं गेली? तो खरा कोष्टी, तो खरा गवंडी, असेच कुठंतरी ओट्यावर बसले असतील. पदराआड, फेट्याखाली नुसता खळगा. समोर उभी असलेली पोरंबाळं त्यांना दिसत नसतील.

"बाबा, बसता का जरा?" मुलगी म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "माय शोधू."

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या राजवाड्यात गेलो. तिथं चित्रं एकावर एक, छतापर्यंत टांगलेली, पिठाच्या गिरणीत डबे रचतात तशी. मुलगी बोट दाखवायची, "ही का?" मी मान हलवायचो. "ही?" नाही. "ही तर छान आहे बाबा, बघा ना." तिच्यासाठी स्थळं बघत होतो तेव्हा याच सुरात मी तिला विचारायचो आणि ती अशीच मान हलवायची, सूड म्हणून हे वाईट नव्हतं. तिसरीकडे एक भलामोठा संगमरवरी तरुण उघडाबंब उभा होता, आणि लोक त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होते. मुलगी सोबत म्हणून मी फक्त त्याच्या पायांची बोटं पाहिली. बोटं उत्तम होती.

माय कुठंच नव्हती. बाईचा फोन आला तर उचलायला भीती वाटायची. ती विचारायची नाही काही. नुसतं म्हणायची, "जेवला का?" आणि मग थांबायची.

शेवटच्या दिवशी मुलगी म्हणाली, "आता एक जुना मठ तेवढा राहिला. भिक्खूंच्या खोल्या आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. बायका फारशा नसतील तिथं, पण जाऊ."

पवनीच्या माणसाला विहार समजावून सांगावा लागत नाही. फक्त आमच्याकडे जुन्या बौद्ध स्तूपांच्या जमिनीखालच्या विटा उरल्या, आणि इथं भिंती रंगासकट उभ्या होत्या. लांब ओसरी, दोन्ही अंगांना ओळीनं बारक्या खोल्या, प्रत्येक खोलीत एकच खिडकी आणि भिंतीवर एकच चित्र. त्यासमोर बसून एकेका भिक्खूनं जन्म काढलेला. गर्दी नव्हती. आमच्याच पावलांचा आवाज आमच्या मागं येत होता. दारं बुटकी होती. मी एका दारातून डोकं आत घालायला गेलो आणि कपाळ वरच्या चौकटीवर असं आदळलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. कपाळ धरून, वाकलेला तसाच, मी वर पाहिलं.

समोर माय होती.

ती नुकतीच आत आली होती. मान झुकलेली, पापण्या खाली, अजून सरळ उभी राहायची होती. रंग विटलेला, अंगावरचं वस्त्र सायीसारखं फिकं. पण तेच तोंड, सांगायला आलेलं. माझी आठवण ज्या जागी दरवेळी तुटते, त्याच्या पुढचं मला दिसत होतं. मी पुष्कळ वेळ तसाच वाकून उभा राहिलो. सरळ झालो तर संपेल असं वाटत होतं.

मग नजर खाली सरकली आणि तिच्या पाठीतून निघालेले पंख दिसले. चांगले मोठे, टोकाकडे मोराच्या पिसासारखे रंगलेले. पुस्तकात नुसतं तोंड छापलं होतं.

मुलीनं बाहेरची पाटी वाचली. मग परत वाचली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "हा देवदूत आहे. निरोप सांगायला आलेला. म्हणजे... पुरुष धरतात त्यांना."

"नीट वाच."

"नीटच वाचलं."

म्हणून ती शेकडो बायकांत सापडत नव्हती. माझी माय पोरगा निघाली. हसावं का रडावं ते कळेना. कपाळावर टेंगूळ चढत होतं. मी म्हटलं, "बाईला फोन लाव. तोंड दिसेल असा."

आमच्याकडे दुपार टळली होती. बाईचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच पडद्यावर आलं.

"बाई, दिसते का?"

"अंधार दिसते. फोन सरळ धर."

मुलीनं फोन दाराच्या आत पुढं केला. पलीकडे तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. एक कोंबडी तेवढी ओरडत होती, आणि तिचा आवाज त्या मठाच्या ओसरीत शेवटपर्यंत जाऊन येत होता.

"आली," बाई म्हणाली. "आली गा बाबू. हेच. हेच होती माय." मग जरा थांबून, "तिच्या पाठीवर काय होय ते? सूप बांधलं का?"

"पंख आहेत, बाई."

"पंख काहून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाई, ही बाई नाही. देवाचा निरोप्या आहे. पोरगा आहे. मी याचंच तोंड पुस्तकातून उचललं होतं."

 मग फोनमधून असा आवाज यायला लागला की मला वाटलं तिचा दमा उठला. ती हसत होती. "म्हंजे इतके वरस मी एका पोट्ट्याले हार घातला? मार चाफ्याचे फुलं आनून आनून?"

तिच्या हसण्यानं रखवालदारीण धावत आली. मुलीनं माझ्याकडे, मग भिंतीकडे बोट दाखवून तिला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही. रखवालदारणीनं देवदूताकडे पाहिलं, माझ्या टेंगळाकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि तिथंच जरा बाजूला उभी राहिली.

"मले माहीत होतं," बाई आता हळू बोलत होती. "मले तवाच माहीत होतं का ही माय नोय."

"मग 'आली' काहून म्हटलं?"

"तू दारात उभा होता. वल्लाचिंब. आन तोंड असं केलं होतं, मायले नेलं त्या दिवशी केलं होतं तसंच. नाई म्हटलं असतं तर तू तसाच उभा राह्यला असता."

माझ्या खिशात पेन्सिल होती. मी वही काढली, गुडघ्यावर ठेवली. "आता सांग, बाई. खरी कशी होती? तू सांग, मी इथंच काढतो. नाक कसं होतं?"

पडद्यावरून तिचं कपाळ सरकलं. नुसता पंखा उरला.

"बाई?"

"पह्यले पह्यले मी रोज मनात दोघी जवळ जवळ ठेवत होती," ती म्हणाली. "ही फोटोतली, ही खरी. निजाच्या आधी पाहून घेत होती. मंग एक एक दिवस राहून गेला. खरी केव्हा उठून गेली ते मले समजलंच नाई. आता मी डोळे मिटले का हेच तोंड येते, बाबू. नाकबिक मले काई इचारू नोको."

म्हणजे मायचं तोंड या जगात आता कुणाकडेच नव्हतं. बाईकडे होतं, तोवर मी बिनधास्त होतो. तिच्याकडचंही मीच पुसलं होतं, इतक्या प्रेमानं, पदरबिदर देऊन.

"मग काय करू?"

"काढ ना. हेच काढ. तिले डोळे पाह्यजे. कोनाचे बी राहो. मी दिसली पाह्यजे तिले."

मी काढलं. दाराच्या चौकटीला टेकून, मान वाकडी करून. रखवालदारीण मधूनमधून येऊन वहीत डोकावायची आणि परत जायची. केस पदराखाली घेतले. कुंकवाची जागा ठेवली. पंख तेवढे गाळले. बुबुळात ठिपक्याची जागा सोडली आणि सवयीनं विचारायला तोंड उघडलं, पण फोन कधीच बंद झाला होता.

गावी आल्यावर तो फोटो रंगवून, डोळे तेवढे बाकी ठेवून, मागं डांबराच्या गोळ्या बांधून बाईकडे नेला. या वेळी तिला समोर बसवलं, आणि तिच्यादेखत डोळ्यांत ठिपके दिले. मी विचारलं नाही, तीही काही म्हणाली नाही. उठून तिनं फोटो भिंतीला लावला आणि जरा मागं सरून पाहिला. मग चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"आली होती माय."

"तोंड होतं?"

"होतं."

"तू दिसली तिले?"

"दिसली. पन ओळखलं नाई आधी. मी म्हातारी झाली ना गा, तिच्याहून किती मोठी. मंग मीच म्हटलं, माय, मी होय." बाई खोकली, दम घेतला. "मंग बसली ओट्यावर. पन तिले नीट बसताच येत नोयतं. पदर डोक्यावर घेतला का सरके. पुन्हा घे, पुन्हा सरके."

"काहून?"

"पंख, बाबू," बाई म्हणाली. "तू फोटोत नाई काढले, पन ती घेऊन आली."